कोरडी पाठ

धायरीच्या तालमीत दत्तोबा वस्तादांचा तळहात हेच मोजमाप होतं. गडी जोर मारून उभा राहिला की वस्ताद मागून यायचे, मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून हात ओढायचे आणि झटकायचे. थेंब उडाले तर म्हणायचे, "जा, मातीत उतर." नाही उडाले तर दोनच शब्द, "अजून शंभर." पन्नास वर्षं हा कायदा बदलला नव्हता. जोर मारताना खालच्या शहाबादी फरशीवर घामाची माणसाएवढी ओली खूण उमटली पाहिजे, नाहीतर ती मेहनतच नाही. घामेजल्या अंगाला वारं बाधतं म्हणून दार लोटलेलं, मागची खिडकी खिळे मारून बंद. वर सिमेंटचा पत्रा. एप्रिलात दुपारी चार वाजता त्या पत्र्याखाली नुसतं उभं राहिलं तरी कानशिलं तापायची.

सर्जेराव लायगुडे आठव्या वर्षी या तालमीत आला आणि एकतिसाव्या वर्षी याच तालमीत मरता मरता वाचला. मधल्या काळात तो जळलाही होता. पण त्याला विचारलं, की तुझा राग कशावर, तर तो जळण्याचं नाव नंतर घ्यायचा.

जळाला तो नऱ्ह्याच्या रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. तिथला तो सगळ्यात हुशार वेल्डर. डोक्यावरचं वेल्डिंग, जिथं हात वर धरून पाऊण पाऊण तास जोड मारायचा, ते काम आलं की सर्जेरावलाच हाक. मालक श्यामसुंदर शेठनी एक रिकामं बॅरल आणून टाकलं आणि म्हणाले, "हे उभं काप. म्हशीला पाण्याला होईल."

"यात काय व्हतं, शेठ?"

"थिनर. धुतलंय. लाव कटर."

धुतलं होतं म्हणजे एकदा पाणी फिरवून ओतलं होतं. थिनर जातं, वास जातो, वाफ आत बसून राहते. कटरची ज्योत पत्र्याला लागली आणि बॅरलचं झाकण छपराला जाऊन आदळलं. सर्जेरावच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. तो अंगावरच वितळला. पाठ, छाती, दोन्ही दंड, काखा. डॉक्टरांनी आकडा सांगितला, बेचाळीस टक्के. तीन महिने वॉर्डात, चार ऑपरेशनं, मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या कातडीचा वरचा पातळ थर सोलून पाठीवर आणि छातीवर लावला, खालची मूळची कातडी तिथंच राहिली. शेठ एकदा भेटायला आले, मोसंबीची पिशवी घेऊन.

"बॅरल कशानं धुतलं व्हतं, शेठ?" सर्जेरावने विचारलं.

"आता ते कशाला काढायचं? तू बरा हो."

"न्हाय, म्हंजे पुढच्या माणसाला सांगायला बरं."

शेठ मोसंबी ठेवून गेले ते परत आले नाहीत.

नवी कातडी वॉर्डातून घरी आली तेव्हा चकचकीत, गुलाबी आणि सारखी खाजणारी होती. आणि ती आकसायची. रशीदा शिकलगार म्हणून फिजिओथेरपीच्या बाई होत्या, चाळिशी ओलांडलेल्या, बोलायला तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पैलवान, ही कातडी दिवसरात्र तुमचा हात खाली ओढणार. तुम्ही दिवसरात्र तो वर न्यायचा. ज्या दिवशी कंटाळाल त्या दिवशी ती जिंकली." त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, "उन्हात जपा." एवढंच. कसं जपायचं, ते सांगायला त्या दिवशी वेळ नव्हता, बाहेर तीस पेशंट बसले होते.

हात वर न्यायचा म्हटल्यावर सर्जेरावला दुसरं काय सुचणार? तालीम. तिथं भिंतीला सागाच्या खुंट्या होत्या, प्रत्येकाच्या लंगोटाची खुंटी ठरलेली. सर्जेराव उंच, म्हणून त्याची वरच्या रांगेत. वीस वर्षं तो न बघता हात वर करून लंगोट अडकवत आला होता. आठ महिन्यांनी तालमीत पाय ठेवला त्या दिवशी उजवा हात कानापर्यंत गेला आणि थांबला. काखेत दोरी बांधल्यासारखी ओढ बसली. कुणी तरी म्हणालं, "दे, मी अडकवतो." सर्जेरावने लंगोट खांद्यावरच टाकला.

पंधरा दिवस नेमाने गेला. हात कानाच्या वर चार बोटं सरकला. मार्च संपला, एप्रिल लागला, आणि वस्तादांनी त्याला आजारी माणसांतून काढून पैलवानांत घेतलं. सर्जेरावला बरं वाटलं. हीच तर कीव नको होती त्याला.

शंभर जोर झाले. वस्तादांनी पाठीवरून हात ओढला, झटकला. काहीच उडालं नाही.

"आठ म्हयने गादीवर लोळून आळसावलास व्हय रं सर्जा? पाट बघ, पापडावानी कोरडी. अजून शंभर."

बाकीचे हसले. सर्जेराव खाली वाकला. कपाळावरून, हनुवटीवरून धार लागली होती, पोटऱ्या भिजून चिंब झाल्या होत्या. ज्या अंगाची मूळची कातडी शिल्लक होती तिथून पाणी दुप्पट निघत होतं. पाठीवर आणि छातीवर थेंब नाही. नव्या कातडीत घाम गाळायला काही उरलंच नव्हतं, हे त्या तालमीत कुणालाच ठाऊक नव्हतं, सर्जेरावलासुद्धा. दोनशे झाल्यावर त्याने फरशीकडे पाहिलं. वर डोक्याचा डाग, खाली पायांचे डाग, आणि मधला माणूस गायब. मधे नुसता कोरडा दगड. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो मनात म्हणाला, खरंच आळशी झालो.

वस्तादांनी पुन्हा पाठीवरून हात ओढला, झटकला. "अजून शंभर."

बाईंनी उन्हात जपायला सांगितलं होतं, पण इथं ऊन कुठं होतं? सावलीच होती. दोनशे तीसच्या पुढे त्याच्या मांड्यांवर काटा आला, थंडी वाजल्यासारखी. जीभ जाड झाली. आकडे मागेपुढे व्हायला लागले. वस्तादांसमोर "बास" म्हणायची पद्धत त्या तालमीत नव्हती. आठ वर्षांचा असल्यापासून त्याने कुणाच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. त्यानेही उच्चारला नाही. दोनशे साठच्या आसपास फरशी वर आली आणि तोंडावर आदळली.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा ताप एकशे सहा. नळीने पाणी मारून, पंखे लावून, बर्फ चोळून उतरवला. त्याची बायको शालू मसाल्याच्या कारखान्यातून पॅकिंगच्या ॲप्रनवरच धावत आली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने तिला फाईलवरचा आकडा दाखवला. "बेचाळीस टक्के. चाळीसच्या वर गेलं की शरीर गार होत नाही. ह्यांना आता व्यायाम कायमचा बंद. सावलीत, पंख्याखाली बसायचं. समजलं?"

शालूला समजलं. सर्जेरावच्या आईला, मुक्ताबाईंना, जास्तच समजलं. त्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली, मागे उशी ठेवली. लेक त्या खुर्चीत बसला. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "बसला का? बस, बस. जीव वाचला हेच लई झालं." जो तो त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागला. सर्जेराव दात आवळून मान हलवायचा. एका आठवड्यात त्याने खुर्चीचा एक हात उपटला. मुक्ताबाई म्हणाल्या, "जुनी हाय खुर्ची, निगाला आसंल."

पाच आठवड्यांनी एका सकाळी तो आरशासमोर भांग पाडायला उभा राहिला आणि उजवा हात डोक्यापर्यंत गेला नाही. कानापर्यंतही नाही. गालाशी थांबला. त्याने डाव्या हाताने उजवा कोपर ढकलला. काखेतली कातडी ताणून पांढरी पडली, सरकली नाही. शालू मागे उभी होती. तिने कंगवा घ्यायला हात पुढे केला.

"हात लावू नगंस!" तो ओरडला. पलीकडच्या बिऱ्हाडातला रेडिओ बंद झाला.

शालूने हात मागे घेतला, पण ती गेली नाही. म्हणाली, "माझ्यावर कशाला वरडता? मी बसवलं का तुम्हाला खुर्चीत? पाच आठवड्यांत हात एवढा खाली आला, तवा बोलला नाहीत. फुगून बसलात. चला त्या बाईंकडं. मी रजा टाकते."

रशीदाबाईंनी हात वर करून पाहिला, सोडला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वा. दोन महिन्यांचं काम पाच आठवड्यांत धुऊन टाकलंत. कुणी सांगितलं बसायला?"

"डॉक्टरनी. बेचाळीस टक्के म्हनले. चाळीसच्या वर बंद."

"आणि तुम्ही एकोणचाळीस टक्के असता तर ऑलिंपिकला पाठवणार होते का?" रशीदाबाई म्हणाल्या. "पैलवान, टक्का एकटा काही सांगत नाही. किती जोरात करता, किती वेळ करता, हवा किती तापलीय, तुमचं धूड केवढं आहे, हे सगळं मिळून ठरतं. कमी करा, मधे थांबा, गार जागा निवडा. तुम्ही काय केलंत? भट्टीत बसून जोर मारलेत, तेही न थांबता."

"घाम येत न्हवता म्हून मारत राह्यलो."

रशीदाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "येणारच नाही तिथं घाम. जन्मात नाही. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"न्हाय."

"मीही नाही," त्या म्हणाल्या. "उन्हात जपा म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. ती चूक माझी." मग आवाज पुन्हा कोरडा झाला. "घामाचं काम काय? कातडी ओली ठेवायची आणि वाऱ्याने ती वाळताना अंग गार करायचं. आतून पाणी येत नाही ना? मग बाहेरून मारा. पाठीवर, छातीवर. पंखा लावा. तोंडात थर्मामीटर. एकशे एक दिसला की बंद, मग देव आला तरी बंद. डोकं गरगरलं, काटा आला, मळमळलं, तरी बंद. आणि सुरुवातीला शेजारी माणूस हवा. एकट्याने नाही."

सर्जेराव डाव्या हाताने काख चोळत राहिला. मग म्हणाला, "वेल्डिंग मशीनवर पाटी असती बघा. साठ टक्के. म्हंजे धा मिंटात सा मिंटं चालवायचं, चार मिंटं गार होऊ द्यायचं. सलग दामटलं की मशीन बंद पडतं, आतली वायर जळती. त्यात मशीनचा दोष नसतो."

"किती वर्षं मी पेशंटांना हेच सांगायला शब्द शोधतेय," रशीदाबाई म्हणाल्या. "लिहून द्या मला, दुसऱ्यांना सांगीन. पण तुमची पाटी चाळीसची समजा. चार मिनिटं काम, सहा मिनिटं आराम. वाढवायचं ते मी सांगेन तेव्हा."

घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते खुर्ची माळ्यावर टाकली. शालूने फवारणीचा नवा कोरा पंप आणला, पाठीवर अडकवायचा, शेतात औषध मारतात तसला. सकाळी सहाला गच्चीवर तो जोर मारायचा, चार मिनिटं, घड्याळ लावून. मग शालू दांडा हलवत त्याच्या पाठीवर तुषार मारायची आणि टेबलफॅन तोंडावर सोडायची. थर्मामीटर बघून ती आकडा मोठ्याने वाचायची. शेजारच्या गच्चीवर वाळवणं घालणाऱ्या मथुराबाई विचारायच्या, "काय गं शालू, नवऱ्यावर कीड पडली का?" शालू म्हणायची, "व्हय, लई चावरी हाय." महिन्याभरात सर्जेराव सकाळच्या सहावरून अकराच्या उन्हापर्यंत आला. चाराचे सहा झाले. हात पुन्हा कानाच्या वर गेला, मग कपाळाच्या रेषेत आला, आणि तिथे अडला.

गच्चीवर पुढचं होत नव्हतं. तालमीत लटकायला दोर होता, फिरवायला जड लाकडी करेल होती, अंगाला अंग देणारे जोडीदार होते. आणि ती खुंटी होती. रशीदाबाईंनीही सांगितलं, आता ओढ वाढवायला हवी, गच्चीवर ती मिळणार नाही.

जून लागला होता, पण आभाळ कोरडं होतं आणि उकाडा एप्रिलहून वाईट. दुपारी चारला सर्जेराव एका हातात बादली, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन तालमीत शिरला. सहा मिनिटं जोर मारले, उठला, आणि तांब्याभर पाणी मानेवरून पाठीवर ओतलं.

तालमीतला आवाज थांबला.

दत्तोबा वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावरून उठले. सत्तरी पार केलेला म्हातारा, पण चाल अजून पैलवानाची. त्यांनी बादलीकडे पाहिलं आणि पायाने ती लवंडली. पाणी फरशीवरून दारापर्यंत गेलं.

"खोटा घाम," वस्ताद म्हणाले. "माझ्या तालमीत?"

सर्जेरावला या दोन शब्दांचं वजन माहीत होतं. तो अकरा वर्षांचा असताना दोघा पैलवानांनी माठातलं पाणी पाठीला चोपडून वस्तादांना फसवलं होतं. वस्तादांनी त्यांना मारुतीपुढे कान धरून दोनशे बैठका मारायला लावल्या आणि तालमीचं दार कायमचं बंद केलं. ते दोघं पुढं गावात तोंड वर करून फिरले नाहीत. सर्जेराव तेव्हा पोट धरून हसला होता.

"वस्ताद, मला घाम येत न्हाय तिथं. कातडी—"

"लाज वाटत न्हाय? जळलास म्हून तुला घेतला पुन्यांदा. घाम गाळायचा नसंल तर घरी बस. लोकं काय म्हंतील, दत्तोबाची पोरं तांब्यानं घाम काढत्यात?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "नीघ."

सर्जेराव निघाला नाही. गेले वर्षभर तो शेठवर चिडला होता, डॉक्टरवर, खुर्चीवर, बायकोवर, स्वतःच्या काखेवर. आता सगळा राग एका जागी येऊन उभा राहिला, आणि नवल म्हणजे त्याचा आवाज चढला नाही.

"न्हाय निगत. आदी हिशोब होऊ द्या. हात इकडं करा."

"काय?"

"हात. तुमचा हात. पन्नास वर्षं सगळ्यांच्या पाठीवर ठेवलात, तो."

तो फरशीवर पालथा झाला आणि त्याने सहा मिनिटांचे जोर पुन्हा सुरू केले. मधे विश्रांती पुरी झाली नव्हती, शालू असती तर तिने तांब्या डोक्यात घातला असता. त्याने स्वतःच तीन मिनिटांवर थांबवलं. उठला, पाठ वस्तादांकडे केली. मघाचं पाणी केव्हाच वाळून गेलं होतं.

"ठेवा."

वस्तादांनी सवयीने मानेखाली हात टेकवला, ओढायला म्हणून. हात अर्ध्या पाठीवर थांबला. मग त्यांनी तो उचलला आणि पाहिला, जणू काही लागलं असावं तसा.

"तवा तापलाय," ते पुटपुटले.

"आता हितं ठेवा." सर्जेरावने त्यांचा हात धरून आपल्या मांडीवर टेकवला, जिथे मूळची कातडी घामाने निथळत होती. ती गार होती. "पन्नास वर्षं तुम्ही वलं हाय का कोरडं येवढंच बघितलंत, वस्ताद. गरम का गार, कधी बघितलं? त्या दिवशी दोन येळा हात फिरवलात. माझी पाट अशीच पेटली व्हती. तुमचा हात तिथंच व्हता."

कुणी हसलं नाही. वस्ताद तळहात धोतराला पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

"मंग सांगायचं व्हतंस," ते शेवटी म्हणाले. "बास म्हनायचं. मी काय जीव घेनार व्हतो?"

"तुमच्यापुढं बास म्हनायला शिकवलं कवा आमाला? हितं येऊन तेवीस वर्षं झाली. येकाच्या तरी तोंडून ऐकलंत?"

 वस्ताद वळले, हौदाला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेले आणि पहार उचलली. दोघेतिघे पुढं सरसावले, त्यांना वाटलं म्हातारा आता मारतो. वस्तादांनी पहारीचं टोक खिडकीच्या फळीत घातलं आणि दाबलं. जुने खिळे किंचाळत निघाले. फळी बाहेरच्या बोळात पडली आणि तालमीत वारा आला, गरमच, पण वारा.

"पोरान्ला बाधंल, वस्ताद," कुणीतरी म्हणालं.

"बाधू दे." त्यांनी पहार भिंतीला टेकवली आणि सर्जेरावकडे न बघता म्हणाले, "पानी फरशीवरच. हौदात येक थेंब पडला, माती बिघडली, तर तंगडं मोडीन."

"न्हाय पडनार."

"आनि ती बादली भरून आन. मोकळी काय बघत बसलास?"

"तुमी लवंडलीत," सर्जेराव म्हणाला. "तुमीच भरा."

 दत्तोबा वस्ताद बादलीकडे पाहत उभे राहिले. किती वेळ, कुणी मोजला नाही. मग कमरेत वाकले, कडी धरली, आणि दारातल्या नळाकडे गेले. नळाला पाणी बारीक होतं. बादली भरायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते तिथे पाठमोरे उभे राहिले.

सर्जेराव भिंतीला टेकून थर्मामीटर तोंडात धरून बसला. शंभर पूर्णांक चार. मघाची राहिलेली विश्रांती धरून अजून सात मिनिटं बसायचं. राग उतरला नव्हता. उतरायचं काही कारणही नव्हतं, बादली भरून दिल्याने एप्रिल परत येत नाही. पण तो आता रिकामा बसून नव्हता. बादली आली, शेजारी टेकली गेली. त्याने तांब्या भरला, मानेवर ओतला, आणि खिडकीकडे पाठ केली.

जाताना त्याने लंगोट घेऊन उजवा हात वर नेला. खुंटी दोन बोटं राहिली. शेजारी उभ्या असलेल्याचा हात आपोआप पुढं आला.

"मागं घे," सर्जेराव म्हणाला.

लंगोट खांद्यावर टाकून तो बाहेर पडला. दारातल्या फरशीवर त्याच्या ओल्या पायांचे ठसे उमटत गेले आणि त्यांच्या मधोमध, बादलीच्या पाण्याने का होईना, पाठीवरून ठिबकलेली एक सलग रेघ.